समोरच्या दातातला स्क्रू

मित्रांनो, मी एक मोडलेला स्क्रू आहे. तांदळाच्या दाण्याएवढा. माझा अर्धा भाग डॉक्टरीणबाईंनी कचऱ्यात टाकला, उरलेला मी क्लॅरिनेटच्या पेटीत, दोऱ्याच्या रिळाशेजारी पडून असतो. आणि खरं सांगू का, मला अजून राग येतो.

हर्सूलचे सर्जेराव बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांचा वरचा समोरचा दात पडला, तेव्हा डॉक्टर मंजुषाबाईंनी हाडात धातूची नळी बसवली, तिच्यावर नवा दात ठेवला आणि दोघांना जोडून धरायला मला आवळलं. आवळल्यावर मी किंचित ताणला जातो. त्या ताणावरच माझी सगळी पकड असते. पण पहिला ताण थोड्या वेळात सैलावतो, म्हणून मला पुन्हा एकदा आवळावं लागतं.

"काका, दहा मिनिटं बसा," बाई म्हणाल्या.

"बसायला टाइम नाय मॅडम. पाचोडची वरात हाय, गाडी उभी हाय."

"मग उद्या नक्की या. आणि या दातानं काही कडक चावता का? सुपारी, नखं?"

"नाय बा."

खोटं नव्हतं ते. क्लॅरिनेट काही कुणी चावत नाही. पण वाजवताना वरचे दात त्याच्या तोंडावरच टेकतात, हे सांगायचं या माणसाला सुचलं नाही. आणि तो उद्या काही उजाडला नाही.

लग्नसराई सुरू झाली. रोज तासन्‌तास क्लॅरिनेट मला खालून रेटायचं. मी ढिला झालो. दात हलू लागला, अगदी केसभर. सर्जेरावांना ते जाणवलं, पण त्यांना वाटलं की क्लॅरिनेटचाच सांधा सैल झालाय. बँडवाल्यांची ही जुनी रीत. सांधा हलला की मेण लावलेला दोरा गुंडाळायचा. त्यांनी गुंडाळला. दुसऱ्या दिवशी आणखी गुंडाळला. मी तोंडात बसून नुसता चरफडत होतो. अहो, दोरा कसला गुंडाळताय, मी ढिला झालोय, मी! पण स्क्रूचं कोण ऐकतं?

शेवटी ते कडूबाकडे गेले. कडूबा म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, बँडची वाद्यं दुरुस्त करणारा. त्यानं क्लॅरिनेट खोलून साफ केलं, तोंडाची वाजणारी पत्ती बदलली, स्वतः वाजवून पाहिलं.

"बाजा ठीक हाय, सर्जेराव. दुसरंच कायतरी हलतंय."

"तुझ्या हातात आता कसब नाय राह्यलं, असं म्हण की."

कडूबानं क्लॅरिनेट पुसून परत दिलं आणि त्या दिवसापासून सर्जेरावांकडे येणं बंद केलं. माझ्या ढिलाईचं खापर त्या भल्या माणसावर फुटलं. मला फार वाईट वाटलं.

पुढं सर्जेरावांच्या करुणाचं लग्न आलं. लेकीचं एकच मागणं होतं, "आबा, माझ्या पाठवणीला दुसरं कुणी नाय, तुम्हीच वाजवायचं."

त्यांनी महिनाभर पाठवणीचं गाणं बसवलं. मी मात्र हेलकावे खाऊन खाऊन अर्ध्यात चिरलो होतो. करुणा गाडीत बसली, आबांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि पहिलीच ओळ संपता संपता मी मोडलो. दात माझ्यासकट त्यांच्या हातात आला. क्लॅरिनेट किंचाळून गप्प झालं. सगळा मांडव बघत राहिला. सर्जेराव एका हातानं तोंड झाकून उभे होते.

मागच्या खुर्चीवरून कडूबा उठला. करुणासाठी म्हणून तो आला होता. त्यानं तेच क्लॅरिनेट घेतलं, पुसलं आणि गाणं शेवटपर्यंत वाजवलं. एक सूर हलला नाही. करुणा काचेतून आबांकडे बघत रडत होती. गाडी गेली.

सर्जेरावांनी मूठ उघडून कडूबाला दात दाखवला.

"बाजा चांगलाच व्हता रे."

"ठावं व्हतं मला," कडूबा म्हणाला. "चल, आधी दवाखान्यात जाऊ."

आता माझ्या जागी नवा स्क्रू आहे. तो बसवला तेव्हा सर्जेराव दहा मिनिटं काय, चांगले तासभर बसून राहिले. शेजारी कडूबाही होता. म्हणून सांगतो मित्रांनो, तोंडात काही हललं की आधी तोंड तपासा, मग दुसऱ्याचे हात. नवा स्क्रू मिळतो. करुणाची पाठवणी मात्र आता पुन्हा होणार नाही.