थंडीत न तडकलेला

“पापणीचा केस उचलावा तशी उचलते हे दाणे, आणि तरी म्हणे माझा हात जड!”

प्रयोगशाळेतली धाकटी विद्यार्थिनी इतक्या जवळून पुटपुटली, की तिच्या श्वासाने मी हललो. मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. तांबं आणि सेंद्रिय रेणू मिळून झालेल्या क्षाराचा. मोहरीहून लहान, पण कडा बघा माझ्या! झाकलेल्या बशीत, द्रव हळूहळू उडून जाताना मी घडलो. माझी भावंडं मात्र क्ष-किरण यंत्राच्या थंडगार वायूच्या झोतात धरताच तडकली. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा नियमच तसा: स्फटिक एकदम गारठवायचा, म्हणजे अणूंची थरथर कमी होते आणि क्ष-किरणांना त्यांच्या जागा नीट सापडतात.

धाकटी दर वेळी तुकडे बाईंना नेऊन दाखवायची आणि बोलणी खायची.

“हा शेवटचा,” बाई म्हणाल्या. “फुटला, तर यंत्राला हात लावायचा नाही. बशा धुवायच्या.”

तिच्या आधीपासून तिथे काम करणारा थोरला विद्यार्थी खिडकीबाहेर बघत राहिला.

बाई बाहेर जाताच धाकटीने मला तेलाच्या थेंबात घोळवून बारीक फासात अडकवून यंत्रावर बसवलं. झोत आधी कोमटच ठेवला, मग अगदी सावकाश गार करत नेला.

सुरुवातीला मजा वाटली. मग, अगं आई गं! जन्मभर गरगरणारे माझे सेंद्रिय रेणू एकाएकी थबकले. एकाचं तोंड डावीकडे, शेजारच्याचं उजवीकडे. तांब्याचे अणू जागचे सरकले. मी मोडलो नव्हतो. पण मी तो उरलोच नव्हतो! आपल्याच घरात डोळे उघडावेत आणि सगळ्या भिंती हललेल्या असाव्यात, तसं झालं. अजून आठवलं की धडकी भरते.

बाई परतल्या. यंत्राच्या पडद्यावर, क्ष-किरणांनी उमटवलेल्या जुन्या ठिपक्यांच्या मधोमध नवे ठिपके उगवले होते. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“रचनाच बदलली याची! आणि एकही तडा नाही?”

“बाई, त्याला सरकायला वेळ दिला, एवढंच.”

“मग आधीचे सगळे...?”

मित्रांनो, ऊब मिळताच मी पुन्हा पहिल्यासारखा झालो, आज बाटलीत सुखरूप आहे. कुणाला बदलायला लावाल, तर तेवढी सवड द्या. आणि फुटलंच, तर आधी हाताळणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखवू नका.

तर त्या दिवशी शेवटी थोरला खिडकीपासून वळला.

“बाई, माझेही असेच फुटायचे. मी तुकडे झाडून टाकायचो. हात नाही हो, तुमचा नियम चुकतोय.”