दिसलं तर शिट्टी

आंजी गावच्या कबड्डीच्या मैदानावर रूपराव पंच म्हणून उभे राहिले की दोन्ही संघांना हायसं वाटायचं, असा एक काळ होता. माणूस शेतकरी, बोलायला तुसडा, पण शिट्टीला खरा. त्यांचा नियम एकच होता आणि चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत तो ते कुठेही ऐकवायचे. "दिसलं त शिट्टी. नाई दिसलं त नाई." अंदाजाने शिट्टी फुंकणाऱ्या पंचांना ते माणसांत धरत नसत.

मग एका जानेवारीतला अंतिम सामना आला आणि इतक्या वर्षांच्या नावावर पाणी पडलं.

समोर आर्वीकडच्या गोंड पोरांचा संघ होता. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि चढाईला त्यांचा जंगू. रूपराव रेषेलगत उभे होते. त्यांच्या डाव्या हाताला आंजीचा संघ आणि अगदी कडेच्या कोपऱ्यात त्यांचा सख्खा पुतण्या पियुष. पियुषने जंगूचा घोटा धरला, जंगू आडवा झाला, मैदान उसळलं. पण धरण्याआधी पियुषचा पाय रेषेबाहेर पडला होता. बाहेर गेलेल्याची पकड कबड्डीत धरत नाहीत. पियुष बाद, गुण जंगूचा आणि सामनाही जंगूचा व्हायला हवा होता. कडुनिंबावर चढून बसलेल्या पोरांनीसुद्धा तो पाय पाहिला. रूपरावांनी मात्र जंगूला बाद दिलं.

"काका, पाय बाहेर होता त्याचा!" जंगू ओरडला.

"मले दिसला नाई," रूपराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. जंगू हात न मिळवता निघून गेला. पियुष मात्र पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मोठेबाबा, तुमचे उपकार इसरनार नाई." जिंकल्याच्या भरात पोरगं काहीही बरळतं, असं रूपरावांना वाटलं.

गावाने सुरुवातीला चांगुलपणा दाखवला. वय झालं, नजर अधू झाली असेल, असं लोक म्हणू लागले. आता एवढं सोडून द्यायचं की नाही? पण रूपरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भर चौकात उभं राहून त्यांनी पार वळणावर असलेल्या एसटीची पाटी खडखडीत वाचून दाखवली. मागच्या ट्रकचा नंबरही सांगितला, कोणी विचारला नसताना. लोकांनी माना डोलावल्या आणि सरळ हिशेब केला. डोळे चांगले, म्हणजे नियत खोटी. पुतण्याला वाचवलं. त्यानंतर मंडळाचे अध्यक्ष नत्थूजी यांनी त्यांना एकाही सामन्याला बोलावलं नाही, आणि रूपरावांनी चौकातून जाणं सोडलं.

घरातही त्यांचा तोल सुटला असं कौशल्याबाईंना वाटायचं. येता-जाता ते पाण्याची बादली लाथाडत, उंबऱ्याशी ठेवलेला गडवा उडवत. पाहुण्यांसमोर लाज वाटायची. "लोकायचा राग भांड्यावर काऊन काढता?" त्या विचारत. रूपराव उत्तर देत नसत, कारण बादली तिथे आहे हे त्यांना लाथ बसल्यावरच कळायचं. ते स्वतःही रागावरच ढकलून मोकळे होत.

दिवाळीनंतर कौशल्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सेवाग्रामला करायचं ठरलं. तपासणीच्या दिवशी त्या आत गेल्या आणि रूपराव बाहेर बाकावर बसले. तिथे समीक्षा नावाची, पुलगावची एक मुलगी त्यांच्याजवळ आली. काचबिंदूवर संशोधन चाललं होतं, ती त्यात काम करायची. रोगी पुष्कळ मिळतात, तिने सांगितलं, पण त्यांच्याशी ताडून बघायला त्याच वयाची, निरोगी डोळ्यांची माणसंही लागतात. म्हणून पेशंटसोबत आलेल्यांना विचारतो. काकांचे डोळे कसे आहेत?

हा प्रश्न रूपरावांना विचारायला नको होता. त्यांनी तिला गेटाबाहेरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली.

तेवढ्यात कौशल्याबाई बाहेर आल्या. "जा बावा, जा," त्या म्हणाल्या. "तुमचे डोये चांगले हायेत म्हनूनच त गावानं तुमाले चोर ठरवलं. आता कागदावर लिहून आना."

अंधाऱ्या खोलीत समीक्षाने त्यांना एका मशीनपुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि आतल्या पांढऱ्या वाडग्याच्या मधोमध असलेल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं.

"अंदाजाने दाबायचं नाही, काका. दिसलं तरच."

"हे तू मले शिकवते का?" रूपराव खूश होऊन म्हणाले. किती तरी महिन्यांनी कोणी त्यांच्या हातात निवाडा दिला होता.

सुरुवात बरी झाली. उजेड चमकला, बटण दाबलं. मग मध्येच सगळं थांबलं. रूपराव वाट बघत बसले. पिवळा दिवा तेवढा समोर, बाकी काही नाही. आतून बारीक खटखट मात्र येत होती.

"पोरी, मशीन बंद पडली का?"

"चालूच आहे, काका. तुम्ही समोर बघा."

ती आधीपेक्षा हळू बोलली, हे त्यांच्या लक्षात आलं.

थोड्या वेळाने डॉक्टरबाईंनी त्यांना कागद दाखवला. डाव्या डोळ्याचा बराच भाग काळा होता. उजव्यातही नाकाकडची, म्हणजे डावीच बाजू काळी होती, आणि दोन्हीकडे काळं होतं ते खालच्या अंगाला. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, बाई म्हणाल्या. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून पाटी वाचता येते, पण कडेचं हळूहळू जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घातले, वेळेवर दाखवत राहिलं तर उरलेली टिकवता येते. आणि हे रक्तातून येतं, सख्ख्या भावाबहिणींना, मुलांना तपासायला आणा.

रूपरावांनी त्या काळ्या भागावर बोट ठेवलं. "डावीकडे. खाली," ते म्हणाले. "म्हनजे जमिनीवर एखाद्याचा पाय असन तिथं?"

"हो, असं समजा."

समीक्षा आपल्या परीने धीर देऊ लागली. निरोग्यांच्या गटात आता त्यांना घेता येणार नव्हतं, दुसऱ्या गटात घेणार होते. "पण एक सांगते, काका. हे मशीन मधूनमधून नुसता आवाज करतं, उजेड दाखवतच नाही. तरी लोक बटण दाबतात. आपण नापास होऊ असं वाटतं त्यांना. तुम्ही एकदाही खोटं दाबलं नाही. असं माणूस क्वचितच सापडतं."

रूपरावांना आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगा. नजर गेल्याचं दुःख नंतर आलं. आपण चोर नाही हे त्यांना ठाऊक होतंच, आता मशीनही तेच म्हणत होतं. बसमध्ये कौशल्याबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या आणि पदराने डोळे टिपत राहिल्या. ते रूपरावांना दिसलं नाही. ते खिडकीतून कपाशीची शेतं बघत होते, आणि पुलाजवळ कुठेतरी त्यांच्या मनात आलं की पाय बाहेरच होता. जंगू खरं बोलला होता.

घरी आल्याबरोबर त्यांनी पियुषला बोलावून घेतलं. बाजूलाच त्याचं घर. कागद दाखवला, सगळं सांगितलं. पियुष काळ्या भागाकडे पाहत राहिला आणि एकदम म्हणाला, "म्हनजे तुमी मुद्दाम नाई केलं?"

"तुले बी तसंच वाटलं?"

पियुषने मान खाली घातली. "मले वाटलं तुमी पाह्यलं, न माह्यासाठी गप रायले."

गावाने म्हटलं तेव्हा रूपरावांना राग आला होता. या वेळी वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग रूपरावांनी कागदाची घडी घातली.

"मले दिसला नाई," ते म्हणाले. "पन पाय तुहा होता. तुले त मालूम होतं ना?"

पियुष उठून गेला.

बातमी नत्थूजींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "रूपरावजी, औंदा माइकवरून सांगून टाकू, तुमच्या डोयाची बिमारी होती म्हनून. तुमचं नाव साफ होऊन जाईन." रूपराव नको म्हणाले. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाले, "माह्या डोयाचं सांगसान, पन जंगूचं काय?" आणि पंचाची शिट्टी त्यांनी नत्थूजींच्याच हातात परत दिली.

पुढच्या जानेवारीत स्पर्धा भरली. आर्वीकडची पोरं येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, पण ती आली. पियुष स्वतः मोटारसायकलवर जाऊन त्यांना बोलावून आला होता. रूपराव कौशल्याबाईंना घेऊन मागच्या खुर्च्यांवर बसले होते. उद्घाटनाचं भाषण संपलं तसा पियुष पुढे गेला, नत्थूजींच्या हातातून त्याने माइक जवळजवळ ओढूनच घेतला.

"मागच्या सालच्या फायनलले माहा पाय बाहेर होता," तो म्हणाला. "मोठेबाबाले दिसला नाई, त्यायले बिमारी होती. मले मालूम होतं. मी बोललो नाई."

एवढं बोलून तो गर्दीत शिरला. नत्थूजी मागून घसा खाकरत राहिले. मैदानात कुजबुज झाली, मग कोणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. रूपराव समोर बघत ताठ बसून होते. टाळ्या आपल्यासाठी आहेत की पुतण्यासाठी, हे त्यांना नक्की कळेना.

टाळ्या थांबल्या आणि आजूबाजूचे लोक अचानक गप्प झाले. सगळे त्यांच्याचकडे बघत होते. रूपराव गोंधळले. आता काय चुकलं?

कौशल्याबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला. ऑपरेशननंतर त्यांना चांगलं दिसू लागलं होतं.

"अवो, डावीकडे पाहा," त्या म्हणाल्या. "जंगू कवाचा हात देऊन राह्यला तुमाले."

रूपरावांनी मान पूर्ण वळवली. मग त्यांना हात दिसला, आणि त्यांनी तो धरला.