पादुकांचा अंगारा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात सुवर्णाच्या घरी त्या शनिवारी दाराशी चपला ठेवायला जागा उरली नव्हती. चौरंगावर महाराजांच्या लाकडी पादुका, खाली काळी मखमल आणि मखमलीवर पिठासारखा बारीक अंगारा. सकाळी पुसला, तरी संध्याकाळी पुन्हा हजर! पीएच.डी. झालेली मंडळी रांगेत उभी होती, एक काका कॅमकॉर्डरवर शूटिंग करत होते.

"महाराज भक्तांसाठी देह झिजवताहेत, देह!" इंडियातून पादुका आणणारा शैलेंद्र गहिवरून सांगत होता. "फक्त तीन पथ्यं. ऊन नको, गारठा नको आणि जवळपास बग-स्प्रे तर अजिबात नको. शक्ती निघून जाते."

लतिकानं कान टवकारले. नागपूरची ही बाई गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होती, पण तिचा जीव रमायचा जंगलातल्या कुजक्या ओंडक्यांत. भुंग्यांच्या अळ्या शोधून आणायच्या आणि बेसमेंटमध्ये आइस्क्रीमच्या डब्यांत वाढवायच्या. त्या डब्यांवर तिनं नेमकी हीच तीन पथ्यं लिहून चिकटवली होती.

काळजी होती ती सुवर्णाच्या नऊ वर्षांच्या पायलची. दम्याचा इनहेलर बंद करून महिनाभर पोरीला मधातून हा अंगारा चाटवणं चाललं होतं. तिची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"रोग बाहेर पडतोय," शैलेंद्र म्हणाला.

"मॉम, आय कान्ट ब्रीद," पायल पुटपुटली.

लतिकानं सरळ एक पादुका उचलून उलटी केली. तळाला टाचणीनं पाडावीत तशी भोकं होती. "काय रे शैलेंद्र, महाराजांना बग-स्प्रेची कसली भीती?"

"तुम्ही लोक देव मानत नाही. तुम्हाला काय कळणार?"

'तुम्ही लोक' ऐकून लतिकाचं डोकं भडकलं. "देव नसेल कळत, अळी बरोबर कळते! सुवर्णा, फोडून बघ. काही निघालं नाही तर सगळ्यांसमोर माफी मागते."

शैलेंद्र आडवा आला. सुवर्णानं पायलकडे पाहिलं, गॅरेजमधून हातोडी आणली आणि घाव घातला. लाकूड भसकन फुटलं. आत तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"या लाकूड खातात आणि मागून हे पीठ टाकतात," लतिका म्हणाली. "यानं कीड लागलेलं लाकूड आणलं आणि कीड मरू नये म्हणून पथ्यं सांगितली. हीच धूळ दम्याच्या पोरीच्या छातीत गेली."

शूटिंग करणारे काका तोंडावर हात धरून बाथरूमकडे पळाले. सुवर्णानं ड्रॉवर उघडून पायलच्या तोंडाला इनहेलर लावला. हळूहळू शिट्टी कमी झाली, तशी सुवर्णाला रडू कोसळलं.

"मी काय चाटवत होते गं हिला!"

"आधी हिला डॉक्टरकडे नेऊ, चल," लतिका म्हणाली. मग ती रांगेकडे वळली. "ऑफिसात एका आकड्यावर तुम्ही दहा प्रश्न विचारता. इथे पोरीचा श्वास कोंडत होता आणि एकालाही एक प्रश्न सुचला नाही. विचारत जा हो, कृपा करून विचारत जा!"