टेबलावरची जास्तीची बाई

आमच्या कारखान्यात दारांच्या बिजागऱ्या बनतात आणि सगळ्या परदेशी जातात. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! शेवटच्या टेबलावर आम्ही पाच बायका त्या पुसतो, जोड्या लावतो, खोक्यात भरतो. त्यातली एक माझी आत्या. आतोबा गेल्यापासून तिला बोलायला माणूस मिळतं ते इथेच. तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की थांबत नाही. हात मात्र आता चालत नाहीत.

परदेशी गिऱ्हाइकानं कळवलं, माल लवकर द्या, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. म्हणून मालकांनी कामाचा वेग मोजणारे एक साहेब आणले. ते घड्याळ घेऊन टेबलाशी उभे राहिले तशी आमची पाचावर धारण बसली. आता आत्या सापडणार! कुणी कुणाला न सांगता आम्ही चौघींनी तिच्यापुढचा ढीग आपल्याकडे ओढला. ती एकच बिजागरी पुसत साहेबांना विचारत होती, "लग्न झालंय का हो तुमचं?" खोकी भराभर भरली. आम्हाला वाटलं, वाचली.

आज जेवणाच्या सुट्टीत मालकांनी मला बोलावलं.

"त्या टेबलावर एक बाई जास्त आहे. चौघींत काम होतं, साहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"त्या दिवशी आम्ही जीव तोडून केलं हो. रोज कसं जमेल?"

"पण जमलं ना?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "ऑर्डर गेली तर सगळेच घरी बसू. माझ्या हातात काय आहे? तुझी आत्या आहे, तूच सांग तिला."

असा संताप आला! पण काढणार कुणावर? साहेबांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, आणि ते आम्हीच दाखवलं होतं.

टेबलाशी आले. तिघींनी माझा चेहरा बघून माना खाली घातल्या.

"काय म्हणाले गं?" आत्यानं विचारलं.

"या टेबलावर एक बाई जास्त आहे म्हणे." मी समोरची बिजागरी उचलून पुसायला लागले.

आत्यानं एकेकीकडे पाहिलं. मग माझ्याजवळ सरकली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "कोण का असेना बिचारी. तिच्या वाटचं आपण करून टाकू. त्यांना कळणारसुद्धा नाही."