एर्किनचा पासवर्ड

"पुन्हा चुकला," कॉम्प्युटर दुरुस्त करायला बोलावलेला मक्सात म्हणाला. "जन्मसाल नाही, गावाचं नाव नाही. बाइके, एखादी पोरगी होती का त्याची? पोरं बहुतेक पोरींचीच नावं टाकतात."

पोरगी होती की नव्हती, हे कालिबेकला ठाऊक असायला हवं होतं, पण नव्हतं.

"अँटीव्हायरस कसला, घरजावई आहे हा," मक्सात कीबोर्ड सरकवत म्हणाला. "यायला एक आमंत्रण पुरतं, जायचं म्हटलं की सतरा सबबी. मुदत कधीच संपली, तरी दारात ठाण मांडून बसलाय. चोर पकडत नाही आणि मालकालाही आत येऊ देत नाही."

खरंच होतं ते. कॉम्प्युटर सुरू केला की आधी तो लाल चौकोन यायचा, आणि मग चहा निवेपर्यंत काहीच उघडायचं नाही. गुलनाराचे शिवणकामाचे सगळे नमुने आत अडकले होते. बाजारात जाताना ती नवऱ्याला बजावून गेली होती, आज याचा सोक्षमोक्ष लावाच. बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवण्यात कालिबेकचा जन्म गेला. यंत्र बिघडलं की डेपोत कळवायचं, एवढंच त्याला माहीत. कॉम्प्युटर आणला होता त्याच्या एर्किनने. हा पहारेकरीही त्यानेच बसवला, पासवर्डाशिवाय निघणार नाही अशी तजवीज केली आणि तो मॉस्कोला बांधकामावर गेला. परत आली ती जस्ताची शवपेटी.

"दुसरा रस्ता आहे," मक्सात म्हणाला. "सेफ मोडमध्ये चालू करतो आणि याला साफ करायचं एक साधन आहे, ते फिरवतो. पासवर्डबिसवर्ड कोणी विचारत नाही. मुळासकट उपटून देतो."

"थांब जरा."

"सकाळपासून थांबलोच आहोत की, बाइके!"

"मला आठवेल."

आठवायला आधी माहीत असावं लागतं. एर्किन त्याचा थोरला मुलगा. थोरलं मूल आजीआजोबांचं, ही त्यांच्या नारिनकडची रीत. दूध सुटलं तसं कालिबेकने त्याला गावी नेऊन आईच्या मांडीवर ठेवलं, कुरकुर केली नाही. पोर आजीला आपा म्हणू लागलं, म्हणजे आई. आणि कालिबेकला बाइके, म्हणजे थोरला भाऊ. उन्हाळ्यात गावी गेलं तरी वडीलधाऱ्यांदेखत आपलंच लेकरू उचलून घेणं हा निलाजरेपणा. कालिबेकने तो कधी केला नाही. बाइके काय, ट्रॉलीबसमध्ये चढणारं प्रत्येक पोर त्याला म्हणायचं. हा मक्सातही म्हणतच होता. पुढे एर्किन शिकायला शहरात आला, त्यांच्याकडेच राहिला. दोघं एका टेबलावर जेवत आणि थंडीवाऱ्याबद्दल बोलत. मयताला लोक सांत्वनासाठी आपाच्या पायाशी बसले, आणि कालिबेक भावांच्या रांगेत उभा राहून, भावासाठी रडावं तसा रडला. पोटच्या पोराला भाऊ म्हणून माती द्यायची, यापरतं दुःख नाही. म्हणून त्याला हा शब्द हवा होता. बापाला ठाऊक असावी अशी एक तरी गोष्ट.

त्याने आपल्या जुन्या ट्रॉलीबसचा क्रमांक टाकला. चूक. गुलनाराचं नाव टाकलं. चूक. मग मक्सातकडे न बघता, एकेक अक्षर शोधत, त्याने स्वतःचं नाव टाकलं.

मक्सात खिडकीबाहेर बघू लागला. "हेही नाही, बाइके," तो हलकेच म्हणाला.

आतून साबिरा आपा चहाची किटली घेऊन आली. हिवाळ्यापुरती ती लेकाकडे राहायला आली होती.

"काय रे, दोघं तोंड पाडून बसलात?"

कालिबेकने मान वर केली. हे विचारणं त्याच्या जिवावर आलं होतं. "आपा, एर्किनने या कॉम्प्युटरला एक शब्द लावलाय. तुला काही बोलला होता का?"

"एलिक," ती लगेच म्हणाली.

मक्सातची बोटं चालली. लाल चौकोन हिरवा झाला.

"एलिक कोण?" कालिबेकने विचारलं.

"त्याचं शिंगरू. हरणासारखं उड्या मारायचं, म्हणून हरणाचंच नाव. लांडग्याने नेलं तेव्हा पोर कितीतरी दिवस माझ्या कुशीत तोंड खुपसून झोपत होतं. तुला कुठून माहीत असणार?"

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

आपाने किटली खाली ठेवली. "त्यानेच अट घातली होती. जाताना हसत म्हणाला, आपा, बाइकेने विचारलं तरच सांग. माझ्याबद्दल तो कधी काही विचारत नाही. आता एक दिवस झक मारत विचारेल."

पडद्यावर प्रश्न आला होता: हा प्रोग्रॅम पूर्णपणे काढून टाकायचा? तुमच्या कॉम्प्युटरला कोणतंही संरक्षण उरणार नाही. मक्सातने माऊस त्याच्याकडे सरकवला. कालिबेकने 'हो' दाबलं. हिरवी पट्टी सावकाश भरत गेली, कॉम्प्युटर विझला, पुन्हा उजळला, आणि गुलनाराचे नमुने एका टिचकीत उघडले.

"बघा, नवा कोरा," मक्सात म्हणाला. घाईघाईने चहा पिऊन, आपाला सलाम करून तो निघाला.

दार लागलं. खोलीत मायलेक राहिले. कालिबेक तिच्याकडे वळला.

"आपा, त्याला खायला काय आवडायचं?"

"साय," ती म्हणाली. "गरम रोटीवर, बोटभर जाड. ओठांना लागायची, पुसू द्यायचा नाही."

कालिबेकने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आणि?"