कलेजीवरचा हिरवा डाग

प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणवणाऱ्या ब्रदर हॉलिसनं रुमालात लालभडक काहीतरी धरून हात वर केला आणि अख्खा तंबू 'हालेलुया' म्हणत उठला. पंधरा वर्षांच्या कॅसीच्या छातीतली गाठ त्यानं चीर न पाडता, कपड्यावरूनच उपटली होती!

"डॉक्टर कापतात, प्रभू उचलतो," तो म्हणाला. "पण ज्याच्या मनात शंका येईल, त्याची गाठ परत येईल." बेट्याची सोय पक्की होती. गुण आला तर त्याचा, नाही आला तर दोष तुमचा.

कॅसीची आई वर्ना पुढच्याच रांगेत रडत होती. तिची स्वतःची आई छातीच्या कॅन्सरनं गेलेली. अमेरिकेत आर्कान्सातल्या त्या गावातले निम्मे लोक कोंबड्या कापून साफ करायच्या कारखान्यात कामाला, तशीच वर्नाही. पित्ताशय फुटून हिरवा डाग पडलेली कलेजी वेगळी काढायची, हेच तिचं काम. रुमालातल्या गोळ्यावर तसाच डाग होता. तो तिनं पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

गाठ अर्थातच जागच्या जागी होती. आपल्या शंकेनंच ती परतली असं कॅसीनं धरून घेतलं आणि प्रायश्चित्त म्हणून जेवण सोडलं. शेवटी ती शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिथल्या नर्सनं मायलेकींना डॉ. प्रुइटबाईंकडे धाडलं.

बाईंनी हातानं तपासलं, सोनोग्राफी केली. गाठ गुळगुळीत होती, बोटाखाली सरकत होती. या वयात अशा गाठी बहुतेक साध्याच असतात, कॅन्सर फारच क्वचित, असं त्या म्हणाल्या. काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं. भराभर वाढली तरच काढायचा विचार.

"म्हणजे माझ्या शंकेमुळे नाही?" कॅसीनं विचारलं.

वर्नाला आता गप्प बसवेना. "शंका मला आली होती, बाळा. ती कोंबडीची कलेजी होती. मला कळलं होतं. पण तो चमत्कार खरा असावा असं इतकं वाटत होतं, की मी बोललेच नाही."

"आणि मी उपाशी राहिले," कॅसी म्हणाली.

त्या संध्याकाळी तंबूत हॉलिस दुसऱ्या एका मुलीपाशी गेला, तशी वर्नानं पुढे होऊन त्याच्या हातातला रुमाल ओढला. घडीतली कलेजी सगळ्यांसमोर खाली पडली.

"तुम्ही रोज हीच धुता," ती लोकांना म्हणाली. "तुम्हालाही कळलं होतं ना?"

तिनं ती उचलून हिरवा डाग त्यांच्यासमोर धरला.

"देवाला माना, माझी ना नाही. पण डोळ्यांना दिसतं ते बोला, आणि पोरीला डॉक्टरकडे न्या. मी बोलले नाही, त्याची शिक्षा माझ्या लेकीनं भोगली."