पुढच्या खोलीच्या झडपा

दवाखान्यातून आल्यापासून ती पुढच्या खोलीतल्या पलंगावर नुसती बसून असायची. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं होतं. कोणी चहा दिला की ती प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. भेटायला आलेल्या बायका "अजून वय आहे गं तुझं" म्हणायच्या, ती मान हलवायची. रडू काही येत नव्हतं, आणि नवऱ्याला त्याचीच धास्ती होती.

घरात ती, नवरा आणि सासरे, एवढीच माणसं. सासरे जन्मभर बस चालवून आता घरी बसलेले, मुळात मितभाषी. नवरा छापखान्यात गेला की हे दोघं दोन खोल्यांत गप्प बसत.

एका सकाळी सासरे पेचकस घेऊन आले आणि खिडकीच्या लाकडी झडपा उतरवायला लागले. पहिली सहज निघाली. दुसरीचा स्क्रू गंजला होता, फिरेचना.

"जरा खालून धरतेस? उचलायची नाही, नुसता आधार दे. नाहीतर माझ्या पायावर यायची."

ती उठली.

अंगणात जुन्या चादरीवर झडपा आडव्या पडल्या. प्रत्येक पट्टीवर धुळीचा थर होता. सासऱ्यांनी तिच्या हातात कोरडा ब्रश दिला. "वरून खाली ये. मग ओलं फडकं, पण घट्ट पिळून. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, मग चौकटीत बसत नाही."

तिने एक पट्टी झाडली, मग पुढची. डोक्यात काहीच येत नव्हतं. हात आपले चालत होते.

"आमच्या डेपोत बस धुवायचे," सासरे म्हणाले, "तर नंबरावरचा चिखल तेवढा ठेवायचे. नंबर दिसला नाही की तक्रार करणार कोणाची?"

ती हसली नाही. ते थांबलेही नाहीत, पॉलिश पेपर घासत राहिले.

तेवढ्यात शेजारची शिंपीण फाटकाशी आली. ती मुलीकडे गेली होती, आजच परतली होती. तिने हिच्या पोटाकडे पाहिलं आणि तोंडभरून हसली. "अगं, झालीस का मोकळी? इतक्या लवकर? काय झालं?"

"त्याचं असं आहे..." सासरे घाईघाईने उठायला लागले.

"मुलगी," ती म्हणाली. "गेलेलीच होती." दूध नासलं असं सांगावं तसा तिचा आवाज होता.

शिंपिणीने पदर तोंडाला लावला. मग ती आपल्या घरात गेली.

सासरे खाली बसले. "मुलगी होती हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

"नाही विचारलं." त्यांनी पॉलिश पेपरची घडी उलटी केली. "कोणासारखी होती?"

तिने फडकं पिळलं. "नाक तुमच्यासारखं."

सासऱ्यांनी भुशाने माखलेला हात स्वतःच्या भल्यामोठ्या नाकावरून फिरवला. "बिचारी," ते म्हणाले, आणि आधीच गुळगुळीत झालेली पट्टी पुन्हा घासायला लागले. बराच वेळ तीच पट्टी. तिने ते पाहिलं. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. मग तिने पुढची पट्टी पुसायला घेतली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती तेलाचा बोळा फिरवत होती. तो वडिलांवर उखडला. "बाबा, हिला कशाला कामाला जुंपलंत? डॉक्टरांनी आराम सांगितलाय!"

"मीच करतेय," ती म्हणाली. "एवढी पट्टी होऊ दे."

तेल जिरल्यावर बापलेकांनी झडपा चढवल्या. त्या मिटेनात. डावी उजवीकडे बसली होती. नवऱ्याने कपाळावर हात मारला. "खुणा तरी करायच्या होत्यात."

"गाडीचा डावा-उजवा मला कधी चुकला नाही," सासरे पुटपुटले. एक झडप उतरवून झाली, तोवर अंधारलं. दुसरी उद्यावर टाकली.

जेवताना नवऱ्याने हळूच विचारलं, "कसं वाटतंय?"

तिने जरा विचार केला. "काहीच वाटत नाही रे. दंड भरून आलेत, बस."

सासरे ताटावरून उठायला लागले. "बाम आहे माझ्याकडे."

"आधी जेवा, बाबा," ती म्हणाली.

ते परत बसले.